शाल पार्सलनं धाडली तेव्हा

माझ्या नातीकडे स्पर्धा परीक्षेचं एक जाडजूड पुस्तक आहे. त्यातल्या एका प्रकरणात वर दोन विधानं देतात, खाली चार निष्कर्ष, आणि विचारतात की यातला कोणता निघतो आणि कोणता निघत नाही. सगळ्या टोपल्या हिरव्या आहेत. काही हिरव्या वस्तू महाग आहेत. तर मग काही टोपल्या महाग आहेत असं म्हणता येईल का? नात पेन्सिल चावत बसते. मी पलंगावर सुपारी कातरता कातरता सांगते, नाही म्हणता येणार. ती मागच्या पानावर उत्तर पाहते आणि माझ्याकडे असं बघते, जसं काही आजीनं डोळे मिटून मारलेला दगड नेमका कैरीला लागला.

तिला मी अजून सांगितलेलं नाही की या विषयात मी कॉलेजात पहिली आले होते. तेवढं सांगितलं की पुढचंही सांगावं लागेल, म्हणजे याच विषयात मी घरात कशी नापास झाले ते. म्हणून लिहून काढते. कागद मध्येच 'मग?' म्हणत नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेलं होतं. आम्ही अमरावतीला राहत होतो. घरात आई आणि मी, दोघीच. वडील मी लहान असतानाच गेले होते. दादा नागपूरला एका सरकारी कचेरीत उमेदवारी करत होता, म्हणजे काम पूर्ण आणि नोकरी अर्धी. एका खोलीत ते चौघे मित्र राहायचे. तिथं बायकोला कुठं ठेवणार? म्हणून दादाचं लग्न झालं आणि वहिनी आमच्याकडे, सासूनणंदेजवळ राहायला आली.

वहिनी अकोल्याची. माझ्याहून दीड वर्षानं मोठी, शिक्षण मराठी चौथी. आणि मी कोण? मी इंटरला होते. वर्गात मुलगी मी एकटीच. माझी खुर्ची भिंतीला लावून वेगळी मांडलेली असायची. पायात चपला, हातात छत्री आणि डोक्यात भरपूर हवा. रस्त्यानं जाताना मी मान अशी ताठ ठेवायची की एकदा गांधी चौकाच्या अलीकडे गाईलाच धडकले. गाय बाजूला झाली नाही, मीच झाले. पण घरी सांगताना मी सांगितलं की गाय धडकली.

इंटरला तर्कशास्त्र होतं. शिकवणारे प्रोफेसर पुण्याकडचे, सडपातळ, बंद गळ्याच्या कोटातले. शिकवायचे इंग्रजीत, पण रागवायचे मराठीत. दर शनिवारी फळ्यावर दहा प्रश्न लिहून द्यायचे आणि सोमवारी उत्तरं मागायचे. त्यांचं एक सांगणं असायचं, की विधानात जेवढं दिलं आहे तेवढंच घ्या, आपल्या पदरचं त्यात घालू नका. मी ते वाक्य वहीच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं. लिहिलं की आपल्याला ते आलं, असा माझा समज होता.

शनिवारी संध्याकाळी मी ते प्रश्न घेऊन चुलीपाशी बसायची. वहिनी भाकरी थापायची. आधी मी नुसती रुबाब दाखवायला वाचत होते. मग तिनं विचारलं, हे काय वाचून राहिल्या, मले सांगा. मी इंग्रजीचं मराठी करून सांगितलं, थोडं दयाबुद्धीनं. प्रश्न असा होता की अमुक गावचे सगळे व्यापारी फेटा बांधतात, आणि हा मनुष्य फेटा बांधतो. मी गावाच्या जागी एलिचपूर घातलं आणि उत्तरही देऊन टाकलं की म्हणजे हा मनुष्य एलिचपूरचा व्यापारी.

वहिनीनं भाकरी उलटली. म्हणाली, "माहा भाऊ फेटा बांधते. त्यानं उभ्या जन्मात कोनाले काही इकलं नाई."

सोमवारी वर्गात अकरा मुलांनी त्याला व्यापारी ठरवलं. मी एकटीनं नाही ठरवलं. प्रोफेसरांनी माझ्या खुर्चीकडे पाहून मान हलवली. मी ती मान अशी स्वीकारली जसं काही तो फेटेवाला माझाच भाऊ होता.

त्यानंतर आमचं ठरूनच गेलं. प्रश्न मी आणायचे, सोडवायचे दोघींनी, आणि मान मी घ्यायची. आईसमोर वहिनी मला बाई म्हणायची, अहो-जाहो करायची. आई देवळात गेली की सरळ अगंतुगंवर. तिला घाई कशी ती माहीतच नव्हती. मी एक विधान वाचून संपवायच्या आत निष्कर्षावर उडी मारलेली असायची, आणि ती तवा, पीठ, जाळ सगळं सांभाळून शांतपणे म्हणायची, "थांब ना व. त्यानं तसं म्हटलंच कुठी?" कधी कधी तर ती म्हणायची की एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही. मला त्या उत्तराचा भयंकर राग यायचा. काहीच सांगता येत नाही हे काय उत्तर झालं? मग कॉलेजात कशाला जायचं?

भादव्यात गल्लीत भुलाबाई बसल्या. आमच्याकडे पोरी संध्याकाळी घरोघर गाणी म्हणत जातात आणि शेवटी ज्या त्या घरची खिरापत ओळखायची असते. घरची बाई झाकलेला डबा कानाजवळ हलवून दाखवते, काही विचारलं तर हो किंवा नाही एवढंच सांगते. मी पहिल्याच खुळखुळाटाला खोबरं म्हणून ओरडायची. वहिनी मागं उभी राहून हळूच एकेक विचारायची, भाजलेलं हाय काय, गुळाचं हाय काय, एका घासात जाते काय. चौथ्या प्रश्नाला खिरापत तिच्या हातात. गल्लीतल्या पोरींनी तिला आपल्यात ओढून घेतलं आणि मला ढोलकं वाजवायला बसवलं, कारण ढोलकं वाजवताना तोंड बंद राहतं असा त्यांचा अंदाज होता. तो अंदाजही चुकलाच.

दसऱ्याच्या आधी तिचा तोच फेटेवाला भाऊ तिला माहेरी न्यायला आला. लग्नानंतरचं पहिलं वर्ष, दसरा-दिवाळी माहेरी. दिवाळीनंतर आमच्याकडचं कुणीतरी जाऊन तिला परत आणायचं, अशी रीत. सून आपल्या पायानं परत येत नाही. सासरचं मूळ, म्हणजे न्यायला माणूस, जावं लागतं. आमच्याकडे जाणारा म्हणजे माझा मामा.

ती गेली आणि घर कसं झालं ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. शनिवारी प्रश्न यायचे. मी चुलीपाशी बसायची, आई भाकरी थापायची. मी एक प्रश्न आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, सगळे घोडे कायले पांढरे असतीन, आणि जाळ पुढे सारला. मी वही मिटली. सोमवारी प्रोफेसरांची मान हलली, पण आडवी.

दिवाळी झाली, आणि चार दिवसांनी वहिनीचं कार्ड आलं. आईला वाचता येत नव्हतं. घरची सगळी पत्रं वाचायचं आणि लिहायचं काम माझं. कार्डावर होतं: तीर्थस्वरूप गंगाभागीरथी सासूबाईंच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल. माझी काळजी नसावी. न्यायची घाई करू नये, घरची कामे आटोपल्यावर सवडीने व्हावे. बाईंचा अभ्यास जोरात असेल. आवळ्याची बरणी खालच्या फळीवर आहे.

आईनं विचारलं, मामाले पाठवू काय या आठवड्यात? आणि मी, त्या चौकातल्या गाईला धडकलेल्या विदुषीनं, आईला बसवून तर्कशास्त्र शिकवलं. आई, पाहा. वऱ्हाडी माणूस मनातलं तोंडावर बोलतं, बरोबर? पुण्याचे लोक आपल्याला त्यासाठी नावं ठेवतात, बरोबर? वहिनी वऱ्हाडी, बरोबर? तिला यायचं असतं तर तिनं 'न्यायला या' असं लिहिलं असतं. तिनं लिहिलं, घाई करू नका. म्हणजे तिला यायचं नाही.

आजही ती मांडणी पाहिली तर प्रोफेसर तिला पैकीच्या पैकी गुण देतील. कुठंही सांधा ढिला नाही. फक्त पहिलं विधान माझ्या पदरचं होतं. वऱ्हाडी माणूस मनातलं बोलत असेल, पण तो माणूस कुणाची सून असेल तर?

खरं सांगायचं तर विधानाच्याही आधी दुसरंच काहीतरी होतं. सबंध कार्डात माझ्यासाठी एकच ओळ, तीही अभ्यासाची. बरणीला एक ओळ आणि मला एक ओळ. मला तिची इतकी आठवण येत होती की मी रागावलेच होते; निष्कर्ष मग त्या रागानं काढला आणि तर्कशास्त्रानं त्याला कोट-टोपी घातली.

 आई म्हणाली की कॉलेजवाली पोरगी म्हणते तं असंन. मामाला तिनं निरोप धाडला नाही. दादाचं पत्र आलं की सूनबाई आल्या का. मी आईच्या वतीनं उत्तर लिहिलं की तिचं मन तिकडे रमलं आहे, राहू दे. दादा बिचारा काय म्हणणार? तेव्हा नवरा बायकोला थेट पत्र लिहीत नसे. तिचा निरोप आमच्याकडून त्याला, त्याचा आमच्याकडून तिला. आणि आमच्याकडून म्हणजे माझ्याकडून.

पुसात थंडी पडली. आई दर्यापूरला मावशीकडे गेली होती आणि आठ दिवस मी शेजारच्या काकूंकडे जेवत होते, तेव्हा दुसरं कार्ड आलं. तेच नमस्कार, तीच खुशाली, आणि शेवटी एक ओळ: इकडे थंडी फार आहे, माझी शाल तिथेच राहिली.

माझा राग क्षणात विरघळला. बिचारी कुडकुडते आहे आणि आपण बसलो रुसून. मी पेटीतून शाल काढली. मांजरपाटात बांधली, दाभणानं टाके घातले, जन्मात कधी इतकं नीट शिवलं नसेल. आत तीन शनिवारांचे तीस प्रश्न घातले आणि एक चिठ्ठी. टाक्यांवर लाख लावून घेतली, पत्ता जाड अक्षरात घातला आणि टपाल कचेरीत जाऊन पार्सल स्वतःच्या हातानं दिलं. येताना इतकी खुश होते की चौकातल्या गाईला वाट दिली.

आई दर्यापूरहून आली तेव्हा हुरड्याच्या, मावशीच्या सुनांच्या गोष्टी सुरू झाल्या, आणि शालीचं सांगायचं राहून गेलं. राहून गेलं असं मी म्हणते. खरं म्हणजे आई म्हणाली असती, मले इचारलं काहून नाई, म्हणून मीच टाळलं.

मग मी वाट पाहायला लागले. तीस प्रश्न आहेत, आठ दिवस लागतील. पंधरा झाले. संक्रांत गेली. पोस्टमन आमच्या दारावरून सायकल न थांबवता जायचा. मी पुन्हा निष्कर्ष काढला: शाल पोचली, ऊब आली, नणंद विसरली.

माघ संपता संपता दादाचं पाकीट आलं. आई तांदूळ निवडत होती, मी उंबऱ्यात बसून मोठ्यानं वाचत होते. दादाची पक्की नेमणूक झाली होती, यवतमाळला, राहायला सरकारी घर. आईच्या हातातले तांदूळ थांबले. तिनं देवाकडे पाहिलं. मी पुढं वाचलं. दादानं लिहिलं होतं की अकोल्याहून सासूबाईंनी कुणाकडून तरी पत्र लिहवून घेतलं आहे, त्या विचारतात की पोरीचा असा काय गुन्हा झाला म्हणून सासरनं तिचं सामान पार्सलनं परत धाडलं. गल्लीत लोक पोरीला टाकलेली म्हणू लागले आहेत. मी येत्या आठवड्यात रजा काढून अकोल्याला जातो आणि तिला घेऊन तसाच यवतमाळला रुजू होतो. आईनं मनात काय आहे ते मला कळवावं.

"कोनतं सामान?" आईनं विचारलं.

मी सांगितलं. शालीची ओळ, मांजरपाट, लाख, सगळं. चिठ्ठी आणि तीस प्रश्नसुद्धा, जसं काही त्यामुळे माफी मिळणार होती.

आई ओरडली नाही. तिनं सूप खाली ठेवलं आणि मला समजावलं, लहान पोरीला समजावतात तसं. सून माहेरी असताना तिची वस्तू मागं राहते, ती मुद्दाम राहते. ती वस्तू आमच्याकडे आहे म्हणजे ती आमची आहे. आणि सून जेव्हा लिहिते की शाल राहिली, तेव्हा ती शाल मागत नसते. ती न्यायला या म्हणत असते. मागून सामान धाडतात ते ज्या सुनेला परत आणायचं नसतं तिचं.

मग तिनं एवढंच विचारलं, "तुया पुस्तकात हे नव्हतं काय?"



मी म्हटलं, मीच जाते मुळाला. आई म्हणाली, मुळाला कुठं पोरगी जाते काय. पण तिनं अडवलं नाही. तिला बहुतेक वाटलं असेल की जिनं गाठ मारली तिनंच सोडवावी. दादा पोचायच्या आत वहिनीला घरी आणायचं, चार दिवस का होईना आमच्या घरात ठेवायचं, आणि मग आमच्या दारातून, आईच्या हातून ओटी भरून यवतमाळला पाठवायचं, असा माझा बेत. परीक्षा महिन्यावर होती. खरं सांगते, परीक्षेसाठी नव्हतं ते. मला ती चुलीपाशी बसलेली पाहिजे होती.

मामानं बडनेऱ्यापर्यंत येऊन मला बायकांच्या डब्यात बसवून दिलं. मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ थांबली. खिडकीतून कापसाच्या गाड्या दिसत होत्या, एकामागे एक, बैल बसलेले, गाडीवाले गंजीवर झोपलेले. मी मनात भाषण घोकत होते. त्यात 'गैरसमज' हा शब्द पाच वेळा होता.

अकोल्याला टांगा केला. मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात वहिनीचं माहेर. टांगेवाल्यानं घराचं नाव ऐकलं आणि म्हणाला, "अच्छा, ज्यांची बेटी वापस आली, त्यांच्या घरी?"  उरलेला रस्ता घोड्याच्या पाठीकडे पाहत बसले.

वहिनीच्या आईनं मला दारात पाहिलं आणि क्षणभर माझ्या मागं पाहिलं, आणखी कुणी आहे का म्हणून. मग पाय धुवायला पाणी दिलं, गूळ दिला, चहा दिला. जितकं करायला हवं तितकं सगळं केलं, त्याहून एक चमचा जास्त नाही. प्रवास कसा झाला, विहीणबाई कशा आहेत, असं विचारत राहिली. वहिनी बाहेर आली नाही. आणि कोनाड्यात, देवाच्या तसबिरीच्या खाली, माझं पार्सल होतं.

उघडलेलं नव्हतं. माझे टाके तसेच, लाख तशीच, जाड अक्षरातला पत्ता तसाच. सबंध पूस आणि माघ ते तिथं बसून होतं आणि ती त्याच घरात शालीवाचून राहिली होती.

माझं भाषण तिथंच संपलं. मी उठून सरळ आतल्या खोलीत गेले. वहिनी ज्वारी पाखडत होती. माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाखडू लागली. वाळली होती. मी तिच्यासमोर बसले.

मी विचारलं, उघडलंस का नाही?

"उघडून काय पाहाचं होतं?" ती म्हणाली. "शाल हाय हे वरूनच समजलं."

मी उठले, कोनाड्यातून पार्सल आणलं, विळीवर धरून टाके कापले. शाल निघाली, तिच्या घडीतून प्रश्नांचे कागद खाली पडले, आणि चिठ्ठी. ती तिनं उचलली. फार काही नव्हतं त्यात. लिहिलं होतं की हे सोडवून लवकर धाड, तू नाहीस तर मला एकही येत नाही, आणि भाकरी आई फार जाड करते.

तिनं ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग सूप बाजूला सारलं आणि फाल्गुन लागलेला, पत्रे तापलेले, अशा भर दुपारी ती शाल अंगभर गुंडाळून बसली. घाम येत होता तरी काढेना. तिची आई दारात येऊन उभी राहिली, आम्हाला पाहिलं, आणि पुन्हा चुलीकडे गेली. या वेळी चहात दूध जास्त होतं.

"मी वाट पाहून राहिली होती," वहिनी म्हणाली. "दिवाईपासून."

मी म्हटलं, मग लिहायचं ना सरळ.

"सासरी असं लेहतात काय कोनी? न्यायले या म्हटलं तं लोक म्हनतीन माहेरी खायले नाई."

नंतर आम्ही परसात लिंबाखाली बसलो आणि तीस प्रश्न सोडवले. तेवीस तिनं, पाच मी, आणि दोन चुकीचे होते असं आम्ही ठरवून टाकलं. एका प्रश्नाला तिनं नेहमीप्रमाणं काहीच सांगता येत नाही असं म्हटलं, आणि मग तिलाच हसू फुटलं. इतकं हसली की शालीचा पदर तोंडात धरला. मग म्हणाली की माझ्या पार्सलच्या वेळी हे तिला सुचलं असतं तर दोन महिने रडणं वाचलं असतं. मी तिला म्हटलं की तुझ्यासारखी हुशार बाई न उघडता निष्कर्ष काढते हे प्रोफेसरांना कळलं तर ते पुण्याला परत जातील. त्या दुपारी मी जितकी सुखी होते तितकी नंतर लग्नातसुद्धा नव्हते, आणि माझं लग्न चांगलं झालं.

उन्हं कलली तेव्हा मी मुद्द्यावर आले. म्हटलं, चल, सकाळच्या गाडीनं. चार दिवस. दादाला मी तार करते, तो अमरावतीहून नेईल तुला.

 तिला यायचं होतं. या एका गोष्टीत माझा निष्कर्ष चुकलेला नाही. मी तिचा चेहरा पाहिला आहे. ती उठून आईकडे गेली. आतून दोघींचं हळू बोलणं ऐकू आलं. मग तिची आई बाहेर आली आणि माझ्याजवळ बसली. बाई मोठी सरळ होती. म्हणाली की तुमच्यावर राग नाही, पोरीनं पोरपणानं केलं, झालं. पण या गल्लीनं चार महिने माझ्या पोरीला नाही नाही ते म्हटलं. आता ती एका पोरीसंगं निघून गेली तर म्हणतील की नणंदेच्या पाया पडून गेली. जावई परवा येऊन राहिले. ते टांग्यातून उतरतील, चार लोक पाहतील, ते तिला हातानं टांग्यात बसवतील, तेव्हा या लोकांची तोंडं बंद होतील.

त्यातून दुसरा कोणताही निष्कर्ष निघत नव्हता. मी खूप शोधला.

सकाळी मी एकटीच निघाले. वहिनीनं मला शिदोरी बांधून दिली. दारात ती म्हणाली की अभ्यास कर, नीट वाच, प्रश्न पूर्ण वाचल्याबिगर उत्तर लेहू नको. मी टांग्यातून मागं वळून पाहिलं तेव्हा ती अजून दारात होती. ती शाल अंगावर तशीच, आणि गल्लीतल्या दोन बाया त्या शालीकडे पाहत होत्या. मला वाटतं ती त्यांच्यासाठीच घेऊन उभी होती.

घरी आईनं पायरीवरूनच विचारलं, एकटीच? मी सगळं सांगितलं. आईनं ओटीसाठी काढून ठेवलेलं खण-नारळ परत पेटीत ठेवलं.

परीक्षा झाली. तर्कशास्त्रात मी पहिली आले. प्रोफेसरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की या मुलीचं विशेष हे की ती दिलेल्या विधानाबाहेर जात नाही. मुलांनी टेबलं वाजवली. मी खुर्चीत बसून राहिले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मान खाली घालायलाही काहीतरी शिकावं लागतं.

त्यानंतर वहिनी आमच्या घरी राहिली नाही. यवतमाळला तिचा संसार लागला, मग मुलं झाली, मग माझंही लग्न होऊन मी दूर गेले. पत्रं येत होती, जात होती. पण एका चुलीपाशी बसणं वेगळं आणि पत्र वेगळं. माझ्याकडून ते चार महिने गेले. ती तिकडे आमची वाट पाहत होती आणि मी इकडे तिच्यावर रुसून तिची वाट पाहत होते, आणि मध्ये पन्नास-साठ मैलांची रेल्वे होती, रोज जाणारी. इतकी वर्षं झाली, अजून कधी कधी वाटतं की मामाला धाडलं असतं तर ती दिवाळीनंतर चौथ्या दिवशी घरी आली असती. कार्तिक, मार्गशीर्ष, पूस, माघ. सोळा-सतरा शनिवार होतात. एकेका शनिवारी दहा प्रश्न.

त्या वर्षी अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मात्र ती आली होती, दादाबरोबर, चार दिवसांची पाहुणी म्हणून. आईनं पाटाभोवती रांगोळी काढली, तिला बसवून वाढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुणाला न विचारता उठून स्वयंपाकघरात गेली. आई देवळात गेली होती, मी अंगणात होते. मला आतून फळीवरचे डबे सरकवल्याचे आवाज येत होते, एक, दोन, तीन. मग ती पिठाच्या हातानं दारात आली.

"बाई," तिनं विचारलं, "मीठ कुठी ठेवता तुमी आता?"